कुणासाठी ऐकते आहे मी?

माणसं माझ्याशी बोलतात. ही काही कमावलेली कला नाही, लहानपणापासून तसंच आहे. नाशिकहून पुण्याला येताना एसटीत शेजारी बसलेली बाई सिन्नर यायच्या आत सुनेचं माहेरपण आणि मुलाचं कर्ज दोन्ही सांगून मोकळी होते. बारावीनंतर मानसशास्त्र घेतलं ते याच भरवशावर. मनुष्यबळ व्यवस्थापन जोडीला घेतलं त्यामागचा हिशेब वेगळा होता. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मुख्य विषयाबरोबर दुसरा एक विषय पदवीपर्यंत नेता येतो, आणि मानसशास्त्रात एमए, त्यापुढचं प्रशिक्षण, मग कुठे कमाई, हा लांबचा पल्ला घरी परवडेलच याची खात्री नव्हती. एचआरमध्ये नोकरी लवकर लागते. हे कारण मी कुणापासून लपवलेलं नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. पण दोन्ही विषय शेजारी-शेजारी शिकताना एक प्रश्न मनात घर करून बसला आहे, आणि तो कुठल्याच पेपरात येत नाही. माणसाला बोलतं कसं करायचं ते मी एका तासाला शिकते आणि त्या बोलण्याचं पुढे काय करायचं ते दुसऱ्या तासाला. मधल्या काळात ते बोलणं कुणाच्या मालकीचं झालेलं असतं?

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत समोर बसलेल्या माणसाला आम्ही प्रयुक्त म्हणतो. प्रयोगाआधी त्याला सूचना वाचून दाखवायच्या असतात: काय करायचं आहे, किती वेळ लागेल, उत्तरं नावानिशी कुणाला कळणार नाहीत, नको वाटलं तर मध्येच उठता येईल. शेवटी त्याचं निवेदन घ्यायचं, त्याच्याच शब्दांत. पहिल्या वर्षी हा निव्वळ सोपस्कार वाटला. शब्दांची यादी पाठ करण्यात किंवा दिवा लागल्यावर बटण दाबण्यात गुपित ते काय असणार? त्या सूचनांचं वजन कळलं ते समुपदेशनाच्या तासाला. समोरच्याला कुठलीही अट न घालता स्वीकारावं, हे कार्ल रॉजर्सचं म्हणणं आम्ही जोड्या करून सरावाला घेतलं होतं. माझी जोडीदार रोज माझ्याबरोबर मेसमध्ये जेवणारी मैत्रीण. तिने त्या दुपारी जे सांगितलं त्याची मला इतक्या सहवासात पुसटशीही कल्पना आली नव्हती. मी विशेष काही केलं नव्हतं. तिचं शेवटचं वाक्य हळू आवाजात परत म्हटलं आणि गप्प राहिले. एवढ्यावर माणूस उघडतो हे पाहून मला आनंद झाला, आणि थोडी भीतीही वाटली.

त्याच सत्रात दुसऱ्या वर्गात मुलाखतीचं तंत्र शिकवलं गेलं. तेही हेच: शेवटचे शब्द परत म्हणा, घाईने पुढचा प्रश्न विचारू नका, शांततेचा वापर करा. उद्देश मात्र असा होता की उमेदवाराने जे सांगायचं ठरवलेलं नाही ते बाहेर काढायचं. फळ्यावर ते वाक्य लिहिलेलं असताना वर्गात कुणाचंच लिहिणं थांबलं नाही. मीही ते उतरवून घेतलं.

माझे वडील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशिनवर होते. टाइम ऑफिसातून बोलावणं आलं की माणसं आधी कँटीनच्या बाकावर बसून आपसांत ठरवायची, काय सांगायचं आणि काय नाही. पप्पांचा नियम सरळ होता: साहेब गोड बोलायला लागले की आपण कमी बोलायचं. मी हा विषय घेतला तेव्हा ते नाराज झाले नाहीत. एवढंच विचारलं, "म्हणजे तू टेबलाच्या पलीकडे बसणार?" मी हो म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढलेला नाही, पण दोन्ही शास्त्रांची पुस्तकं वाचताना मला पप्पांचं ते बाक दिसत राहतं.

हॉथॉर्नचे प्रयोग माझ्या दोन्ही पुस्तकांत आहेत. शिकागोजवळ सिसेरो इथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा प्रचंड कारखाना. १९२४ साली तिथे उजेड वाढवला तर काम वाढतं का, हे तपासायला सुरुवात झाली. मानसशास्त्राचं पुस्तक सांगतं, आपल्याकडे कुणी लक्ष देतंय हे कळलं की माणसाचं वागणं बदलतं. व्यवस्थापनाचं पुस्तक सांगतं, कामगाराला आपुलकी हवी असते. माझ्या पुस्तकांनी जे सोडून दिलं ते मला नंतर ग्रंथालयात वाचायला मिळालं. वेगळ्या खोलीत बसवून ज्या पाच मुलींचं रिले जोडण्याचं काम पाहिलं जात होतं, त्यांतल्या दोघींना जानेवारी १९२८मध्ये हलवून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या गेल्या. त्या फार बोलतात, सहकार्य करत नाहीत, अशी तक्रार होती. ज्या खोलीवरून जग कामगाराचं ऐकायला शिकलं असं आपण म्हणतो, तिथूनच या दोघींना बोलण्यापायी जावं लागलं.

पुढचा भाग मला जास्त छळतो. १९२८ ते १९३० या काळात त्या कारखान्यात वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. आधी ठरलेले प्रश्न विचारले जात. माणसं प्रश्न बाजूला ठेवून आपल्याच मनातलं सांगतात हे लक्षात आल्यावर पद्धत बदलली आणि त्यांना हवं ते बोलू दिलं. १९३६पासून तर पगारी समुपदेशकच नेमले. त्यांनी कारखान्यात फिरायचं, कामगाराचं ऐकायचं, ऐकलेलं स्वतःपाशी ठेवायचं. तक्रार सोडवणं हे त्यांचं काम नव्हतं. १९५१मध्ये जीन आणि हॅरल्ड विलेन्स्की यांनी या योजनेवर लिहिताना दाखवून दिलं की अशा ऐकण्याने व्यवस्थापनाची पकड टिकायला मदत झाली. मनातलं बोलून माणूस हलका झाला, की हक्क मागण्याची धगही कमी होते. म्हणजे गुप्तता पाळली, कुणाचा शब्द फोडला नाही, तरीही ते ऐकणं तिसऱ्याच कुणाच्या उपयोगी पडलं. हे वाचेपर्यंत मी समजत होते की आपण गुपित राखलं की आपलं मन स्वच्छ. तेवढ्यावर भागत नाही, हे त्या एका प्रकरणाने मला पटवलं.

ही दोन शास्त्रं एकमेकांना परकी आहेत, त्यांना एकत्र आणण्याचा उद्योग आत्ता कुठे सुरू झाला आहे, असं म्हणून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नाही. हार्वर्डच्या ह्यूगो म्युन्स्टरबर्गने ट्रामचालक निवडण्यासाठी चाचण्या तयार केल्या आणि १९१३मध्ये त्याचं औद्योगिक कार्यक्षमतेवरचं पुस्तक इंग्रजीत आलं. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी १९१६मध्ये कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग उभा केला, तो भारतातला पहिला. आपल्या देशात हे शास्त्र आलं त्याच्या आधीच त्याला कारखान्याचा रस्ता माहीत होता. मुंबईत लार्सन अँड टुब्रोने १९७५मध्ये मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा त्यामागे अहमदाबादच्या आयआयएममधले टी. व्ही. राव आणि उदय पारीक होते, आणि पारीक तर मूळचे मानसशास्त्राचेच.

मला या सगळ्यांत धीर देणारं उदाहरण अहमदाबादच्या कॅलिको मिलचं वाटतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३मध्ये तिथे आले. स्वयंचलित माग आणूनही उत्पादन हवं तसं वाढत नव्हतं. कामाची विभागणी अशी होती की कोण कुणाबरोबर काम करतोय हेच विणकरांना कळत नव्हतं. राइसने सुचवलं की काही मागांची जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्यावी. ती कल्पना कामगारांनी उचलली आणि गट त्यांनी आपले आपणच जुळवले. उत्पादन वाढलं, कापडाचं नुकसान घटलं. याच अहमदाबादेत, गिरण्यांच्या संशोधन संस्थेत, मानसशास्त्र शिकून आलेल्या कमला चौधरी गिरणीतल्या माणसांच्या प्रश्नांवर काम करत होत्या. पुढे त्या आयआयएमच्या सुरुवातीच्या प्राध्यापकांत होत्या. कॅलिकोची हकीकत मला आवडते कारण तिथे कुणाला आपलं अंतःकरण उघडं करावं लागलं नाही. चूक कामाच्या रचनेत होती, ती तिथेच दुरुस्त झाली. माणसाच्या मनात शिरण्याआधी त्याच्या भोवतीची व्यवस्था बघावी, हे मी दोन्ही विषयांकडून मिळून शिकले असेन तर ते या एका उदाहरणातून.

आता चाकणची गोष्ट. इंटर्नशिपसाठी एका कंपनीच्या एचआर विभागात होते तेव्हा नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या मुलाखती घेण्याचं काम माझ्याकडे आलं. छापील फॉर्म होता, त्यावर कारणांचे चौकोन: उच्च शिक्षण, जास्त पगार, घरगुती, प्रकृती, इतर. क्वालिटी विभागातला एक ज्युनियर इंजिनियर आला, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. राजीनाम्यात त्याने घरगुती कारण लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं आणि थांबले. तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घरचं काही नाहीये तसं." आणि सुरू झाला. रात्रपाळीनंतर सकाळी आठला थांबवून घेतात. सगळ्यांसमोर आईवरून बोलतात. गावाकडे वडिलांना सांगता येत नाही, कारण नोकरी लागली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. रविवारी दुपारी झोप लागली तरी छातीत धडधडून जाग येते. मी काहीच विचारत नव्हते, फक्त मान हलवत होते. बोलून झाल्यावर त्याने माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. "हे एवढं लिहू नका हं मॅडम. रिलीव्हिंग लेटर अजून हातात नाहीये."

मी लिहिलं नाही. फॉर्मवर घरगुती या चौकोनात खूण केली, त्याने सही केली. मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून त्या क्षणी माझं कर्तव्य स्पष्ट होतं: त्याचा शब्द त्याचाच. पण तो गेल्यावर त्या खुर्चीत दुसरा कुणीतरी येणार होता आणि तोच सुपरवायझर त्यालाही रात्रपाळीनंतर थांबवून घेणार होता. हॉथॉर्नचे समुपदेशक हेच तर करत होते. ऐकायचं, स्वतःपाशी ठेवायचं, आणि कारखाना आहे तसा चालू द्यायचा. मग मी वर्षभरातल्या राजीनाम्यांची यादी काढली. ती कार्यालयात कुणालाही दिसणारी होती. त्या एका विभागातून माणसं इतर विभागांपेक्षा लवकर जात होती आणि बहुतेकांच्या चौकोनात घरगुती लिहिलेलं होतं. ती यादी मी व्यवस्थापकांपुढे ठेवली आणि म्हटलं, एकाच विभागातल्या इतक्या घरांत एकाच वेळी अडचण येणं मला पटत नाही. त्यांनी यादी ठेवून घेतली. पुढे काय झालं ते कळण्याआधी माझी मुदत संपली.

वाट सापडली, असं म्हणून मी यावर पडदा टाकू शकले असते. पण स्वतःकडे नीट पाहायचं ठरवलं की एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. तो मुलगा बोलत होता तेव्हा मला बरं वाटत होतं. त्याच्या दुःखाने नव्हे, त्याने ते मला सांगितलं याने. इतर कुणाला जे सांगितलं नाही ते माझ्यापाशी आलं, यात एक सुख आहे आणि ते सुख मला हवंसं वाटतं. समुपदेशक होऊ इच्छिणाऱ्याला ते असावंच लागत असेल कदाचित, नाहीतर दिवसभर कोण ऐकत बसेल? पण एचआरच्या खुर्चीत त्याच सुखाला पगार मिळतो, बढती मिळते, माणसं ओळखणारी म्हणून नाव होतं. ज्या गोष्टीचं मला आतून आकर्षण आहे तिलाच बाहेरून बक्षीस मिळत असेल, तर मी कुठे थांबेन हे माझ्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही.

आणि माझा चांगुलपणा मला कितीसा दिसतो? रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांचा १९७७चा निबंध आम्हाला अभ्यासाला आहे. त्यांनी दुकानात येणाऱ्या लोकांसमोर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि सर्वांत चांगला कोणता ते विचारलं. चारही अगदी एकसारखे होते. पुष्कळांनी सर्वांत उजवीकडचा निवडला, आणि का म्हणून विचारल्यावर वीण, पोत, कस यांबद्दल सांगितलं. जागेचा परिणाम झाला असेल हे जवळजवळ कुणालाच पटेना. आपल्या वागण्याची कारणं आपल्याला आतून दिसतात असं वाटतं, पण पुष्कळदा ती आपण मागाहून जुळवलेली असतात. हे वाचल्यापासून आत्मचिंतन हा शब्द मी जपून वापरते. एचआर का घेतलंस, या प्रश्नाला मी वर जे उत्तर दिलं ते खरं आहे असं मला वाटतं. त्यामागे टेबलाच्या पलीकडे बसण्याची इच्छाही असू शकेल, टाइम ऑफिसबाहेर ताटकळणाऱ्या माणसाच्या मुलीला ती असली तर नवल नाही. म्हणून आतल्या आवाजावर विसंबण्यापेक्षा बाहेरून घालून घेतलेला नियम मला जास्त भरवशाचा वाटतो.

आपल्याकडे तर हा नियम अधिकच लागतो, कारण माणसाला मोकळं करणारे आपले प्रश्नच धोक्याचे आहेत. गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, वडील काय करतात? मराठी माणूस ओळख काढतो ती अशीच, आणि त्यात मायाही असते. समुपदेशनात घरची हकीकत घ्यावीच लागते. पण सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या एचआर व्यवस्थापकांशी बोलून २००७मध्ये जो अभ्यास मांडला, त्यात गुणवत्तेवर पूर्ण विश्वास असल्याचं सांगणारे हे लोक उमेदवाराची घरची पार्श्वभूमी मात्र आवर्जून विचारत होते. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास आला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, नावं तेवढी वेगळी. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. तिथे मुलाखतच झालेली नव्हती, नुसतं नाव वाचलं होतं. मग ज्या खोलीत आडनाव, गाव, वडिलांचा धंदा सगळं हसत-खेळत काढून घेतलं जातं, तिथे काय होत असेल? सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आधी ठरवलेल्या गुणपत्रिकेवर, अशी आखीव मुलाखत पुढच्या कामाचा अंदाज अधिक चांगला देते, असं संशोधन सांगतं. मला ती रुक्ष वाटायची. आता वाटतं, रुक्षपणात न्याय असेल तर माझ्या आपुलकीने तिथे थोडं बाजूला व्हावं.

चाकणमध्ये शेवटच्या आठवड्यांत मी व्यवस्थापकांची परवानगी घेऊन मुलाखतीच्या सुरुवातीला दोन वाक्यं म्हणायला लागले. तुम्ही सांगाल ते या फॉर्मवर जाईल आणि हा फॉर्म आमचे साहेब वाचतील. जे वर जाऊ नये असं वाटतं ते मलाही सांगू नका, आणि त्यासाठी दुसरी जागा हवी असेल तर ती मी सांगते. त्या दुसऱ्या जागांची यादी लांब नव्हती: लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३च्या कायद्याची अंतर्गत समिती, कामगारांसाठी युनियन, आणि बाहेरचा डॉक्टर किंवा समुपदेशक, कारण उपचार घेताना सांगितलेलं गुप्त राहण्याचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला दिला आहे. कंपनीच्या टेबलावर बोललेल्याला असं कुठलंच छप्पर नाही.

याची किंमत लगेच दिसली. माणसं कमी बोलू लागली. अकाउंट्समधल्या एक ताई आल्या, डोळे सुजलेले होते. माझी दोन वाक्यं ऐकून घेतली, "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या, जास्त पगार या चौकोनावर स्वतःच खूण केली आणि उठल्या. दुसरी जागा त्यांनी विचारली नाही. दुसरीकडे कुठे त्या बोलल्या का, मला ठाऊक नाही. कदाचित त्यांना तेव्हा फक्त कुणीतरी ऐकायला हवं होतं आणि मी त्यांना आधीच सावध करून ते दार लावून घेतलं. तरी मी ती वाक्यं सोडणार नाही. जे नकळत काढून घेतलं त्यापेक्षा जे जाणून राखलं ते माणसाच्या हिताचं, असं मला वाटतं. पण त्या ताईंच्या बाबतीत हे खरं ठरलं का, याची खात्री मी देऊ शकत नाही.

पुढच्या सत्रात प्लेसमेंटच्या मुलाखती सुरू होतील. शेवटी विचारतात, तुम्हाला काही विचारायचं आहे का? मी विचारणार आहे: नोकरी सोडणाऱ्याचा फॉर्म कोण-कोण वाचतं, आणि तुमच्या कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची जी हेल्पलाइन आहे तिचा अहवाल एचआरकडे येतो का, आला तर त्यात काय असतं? उत्तर मनाला पटलं नाही तर ती नोकरी नाकारायला हवी, हे मला कळतं. नाकारण्याची ऐपत आहे का, ते आज सांगता येत नाही. पप्पा निवृत्त झालेत आणि धाकट्याच्या इंजिनिअरिंगची अजून दोन वर्षं बाकी आहेत.